मुलांच्या हातातली मतदार नोंदणी मोहीम: अर्जापासून यादीतल्या नावापर्यंत

अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळतो, हे बारावीच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतं. राज्यघटनेतल्या एकसष्टाव्या दुरुस्तीने ही वयाची अट एकवीसवरून अठरावर आली आणि २८ मार्च १९८९ पासून लागू झाली, हेही वर्गातलं कुणीतरी सांगतं. पण ‘तुझं नाव यादीत आहे का?’ असं विचारलं की बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. अठरा पूर्ण झाले की नाव आपोआप येत असेल, असाच अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अर्ज केल्याशिवाय नाव येत नाही, आणि अर्जाला तारखा असतात.

त्या तारखा किती कठोर असतात ते महाराष्ट्रात नुकतंच दिसलं. २०२५ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२६ मध्ये नगरपरिषदा व महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, त्यांच्यासाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा मतदारयादी धरली होती. त्या दिवशीच्या यादीत जो नव्हता, त्याला मतदानाच्या दिवशी अठरा पूर्ण असूनही आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडता आला नाही. ज्यांचा वाढदिवसच नंतर होता त्यांचा इलाज नव्हता. ज्यांचं वय वेळेत भरलं होतं पण अर्ज राहून गेला होता, त्यांचं मत मात्र वाचवता आलं असतं.

हा लेख कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी, पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. मोहीम अकरावी-बारावीच्या मुलांनीच चालवायची आणि आपण पाठीशी राहायचं, असं गृहीत धरून तो लिहिला आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलं हे काम उत्तम करतात. वर्गमित्राने सांगितलेलं जितकं ऐकलं जातं तितकं फलकावरचं वाचलं जात नाही.

आधी ठरवा: मोजायचं काय

‘आमच्या महाविद्यालयाने इतके अर्ज भरले’ अशी बातमी छापून येते, फोटो निघतात आणि मोहीम संपते. दोन महिन्यांनी त्यातले किती जण यादीत आले, हे कुणी बघत नाही. फोटो अस्पष्ट म्हणून, पत्ता सापडला नाही म्हणून, पडताळणीसाठी घरी गेलेल्या बीएलओंना (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना) कुणी भेटलं नाही म्हणून अर्ज अडकून पडतात. म्हणून मुलांना पहिल्याच बैठकीत सांगा की आपला आकडा यादीत दिसणाऱ्या नावांचा असेल, भरलेल्या अर्जांचा नाही. हे ठरलं की पुढची सगळी आखणी बदलते. अर्ज भरण्याचा एक दिवस असतो आणि पाठपुराव्याचे दीड-दोन महिने.

तारखांचं गणित

ज्या तारखेला अठरा पूर्ण असावे लागतात तिला अर्हता तारीख म्हणतात. पूर्वी वर्षातून १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. २०२१ च्या कायदेदुरुस्तीनंतर आता चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. शिवाय सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. ज्या तिमाहीत अठरा पूर्ण होतील, तिच्या पुढच्या अर्हता तारखेला तो अर्ज विचारात घेतला जातो.

उदाहरणं मुलांकडूनच सोडवून घ्या. १५ ऑगस्ट २००८ चा जन्म असेल तर अर्हता तारीख १ ऑक्टोबर २०२६. ५ ऑक्टोबर २००८ चा असेल तर १ जानेवारी २०२७. २० फेब्रुवारी २००९ चा असेल तर १ एप्रिल २०२७. मुलं आपापल्या तुकडीतल्या प्रत्येकाची अशी तारीख काढून चार गट करतील. पण ही यादी त्यांनी वर्गात विचारून बनवावी. कार्यालयातल्या नोंदवहीतून विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा काढून मुलांच्या हातात देऊ नका.

मोहिमेसाठी ऑगस्ट आणि सप्टेंबर हे सर्वांत सोयीचे महिने. प्रवेश आटोपलेले असतात आणि सहामाही परीक्षा व दिवाळीची सुट्टी पुढे असते. दिवाळीनंतर बारावीचे वर्ग सराव परीक्षांना लागतात आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा सुरू होते. तेव्हा त्यांना हात लावू नये. वर्षाच्या शेवटी बहुतेकदा मतदारयादीचा पुनरीक्षण कार्यक्रम असतो, त्यात शनिवार-रविवारी मतदान केंद्रांवर विशेष शिबिरं भरतात. ज्यांचं राहिलं त्यांना तिकडे पाठवता येतं. विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघरी जाऊन अख्खी यादी नव्याने तपासणं, चालू असेल तर अर्जासोबत जादा घोषणापत्र वगैरे लागू शकतं, म्हणून त्या काळातले नियम आधी विचारून घ्या.

निवडणूक जाहीर होण्याची वाट बघणं सर्वांत वाईट. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नावं घालता येत नाहीत. हरकती आणि पडताळणीचा वेळ धरला तर त्याच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोचलेला असावा लागतो. तेव्हा तहसीलच्या खिडकीवर उडणारी झुंबड मुलांच्या वाट्याला येऊ देऊ नका.

मंडप टाकण्याआधी तहसीलमध्ये जाऊन या

मोहिमेची पहिली भेट निवडणूक शाखेशी व्हायला हवी. विधानसभा मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो, बहुतेकदा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी. त्याच्या हाताखालचे सहायक मतदार नोंदणी अधिकारी बहुधा तहसीलदार असतात. रोजचं काम निवडणूक शाखेचे नायब तहसीलदार आणि कारकून पाहतात. प्राचार्यांच्या सहीचं पत्र, दोन विद्यार्थी प्रतिनिधी आणि एक शिक्षक एवढ्यांनी जावं.

पत्रात तीन गोष्टी मागा. शिबिराच्या दिवशी बीएलओ किंवा निवडणूक शाखेचा कर्मचारी महाविद्यालयात यावा. नवीन नावाच्या अर्जाचे, म्हणजे फॉर्म ६ चे, कोरे नमुने मिळावेत. आणि स्वयंसेवक मुलांना अर्ध्या तासाचं प्रशिक्षण मिळावं. निवडणूक आयोगाने २५ जानेवारी २०१८ रोजी शाळा-महाविद्यालयांत निवडणूक साक्षरता मंडळं सुरू केली. तुमच्याकडे असं मंडळ कागदावर आधीच असण्याची शक्यता आहे. ते शोधा, नोडल शिक्षक कोण आहेत ते पाहा आणि मोहीम त्या नावाखाली चालवा, म्हणजे तहसीललाही तुम्ही कोण हे समजावून सांगावं लागत नाही.

कर्मचारी यायला हवा याचं कारण नियमात आहे. कुणी एक व्यक्ती किंवा संस्था अर्जांचा गठ्ठा घेऊन गेली तर असे एकगठ्ठा अर्ज घेऊ नयेत, अशी आयोगाची सूचना आहे. बनावट नोंदी रोखण्यासाठी ती आहे आणि योग्यच आहे. म्हणून मुलांनी शंभर फॉर्म गोळा करून पिशवीत घालून तहसीलला नेण्याचा बेत करू नये. दोनच मार्ग ठेवा: प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवरून ऑनलाइन अर्ज करायचा, किंवा कागदी अर्ज शिबिरात आलेल्या अधिकृत कर्मचाऱ्याच्या हाती स्वतः द्यायचा आणि फॉर्मच्या तळाची पोच तिथेच घ्यायची. भरलेला अर्ज एक रात्रसुद्धा स्वयंसेवकाच्या दप्तरात राहता कामा नये.

बीएलओंशी वागताना एक लक्षात ठेवा. ते जिल्हा परिषदेचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी अशी मूळची नोकरी सांभाळून हे काम करतात. त्यांच्या सोयीची वेळ विचारा, बसायला सावलीतली जागा आणि प्यायला पाणी ठेवा. मुलांना ‘सर’, ‘ताई’ म्हणायला वेगळं शिकवावं लागत नाही, पण वाट बघायला शिकवावं लागतं.

पक्षापासून अंतर

इथे मी सगळ्यांत जास्त हट्टी आहे, कारण मोहिमा इथेच बिघडतात.

आपल्याकडच्या अनेक शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष किंवा विश्वस्त स्वतः राजकारणात असतात. त्यात गुन्हा काही नाही. पण मतदार नोंदणीच्या फ्लेक्सवर त्यांचा हात जोडलेला फोटो लागला की मोहीम त्यांची होते आणि दुसऱ्या विचाराच्या घरातलं मूल त्या टेबलाकडे फिरकत नाही. म्हणून फ्लेक्सवर एकाही व्यक्तीचा फोटो नसावा. संस्थापकांचा नको, प्राचार्यांचा नको, प्रमुख पाहुण्यांचाही नको. सगळ्यांना एकच नियम लावला की कुणाला वाईट वाटत नाही, आणि संस्थेतल्या वरिष्ठांना हे सांगण्याचं अवघड काम आपण मोठ्यांनीच करायचं. ते मुलांवर ढकलू नका.

उद्घाटनाला आमदार, नगरसेवक, पक्षाचा पदाधिकारी कुणीही नको. तहसीलदार चालतील. टी-शर्ट, टोप्या, वडापाव, पाण्याच्या बाटल्या कुणी ‘फुकट देतो’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. मोहिमेला खर्च फारसा नसतोच: टेबल, पेन, झेरॉक्स. टेबलावरचं कापड आणि फुगेसुद्धा कुठल्या झेंड्याची आठवण करून देणार नाहीत असे निवडा. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण आपल्या गावात रंगावरून पक्ष ओळखला जातो.

ज्यांचे वडील किंवा काका एखाद्या पक्षात आहेत अशी मुलं टीममध्ये असणारच, आणि ती असावीत. अट एवढीच की मोहिमेच्या काळात टेबलावर आणि मोहिमेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पक्ष, नेता, उमेदवार यांचा उल्लेख नाही. प्रत्येक टेबलावर शक्यतो वेगळ्या गटातली दोन मुलं बसवा.

सर्वांत गंभीर धोका यादीचा असतो. पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलांची नावं, पत्ते आणि मोबाइल नंबर एकत्र असलेला कागद कुणालाही हवाच असतो. कुणीतरी ‘जरा ती यादी दे रे, वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवू’ असं म्हणेल. उत्तर नाही. पाठपुराव्यासाठी फक्त नाव, तुकडी आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक एवढंच वहीत लिहा, ती वही शिक्षकांच्या कपाटात ठेवा, आणि भरलेल्या अर्जाचा किंवा आधार कार्डाचा फोटो स्वयंसेवकाच्या मोबाइलमध्ये काढायचा नाही.

‘मत कुणाला द्यायचं?’ हा प्रश्न येणारच. मुलांना उत्तर आधीच तयार करून द्या: ‘ते तू ठरवायचं. आमचं काम तुझं नाव यादीत आणण्याएवढंच.’ मोठ्या माणसाने विचारलं तर: ‘काका, आम्ही त्यावर बोलत नाही. तुमच्या घरात कुणाचं नाव राहिलंय का, ते सांगा.’ जात किंवा धर्म चुकूनही विचारू नये. फॉर्म ६ मध्ये त्याचा रकानाच नाही.

आणि सक्ती नको. ‘अर्ज भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही’, ‘भरलं तर प्रकल्पाचे गुण’ असलं काही करू नका. ज्याला नको असेल त्याला एकदा नीट समजावून सांगा आणि सोडून द्या.

कागद काय लागतात

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पासपोर्ट आकाराचा ताजा फोटो. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र यांपैकी एक. पत्त्यासाठी आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा यांपैकी एक. बिल आई-वडिलांच्या नावाचं असलं तरी चालतं. आधार नाही म्हणून नोंदणी नाकारली जाणार नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. तेव्हा आधार नसलेल्या मुलाला टेबलावरून परत पाठवू नका.

आणखी एक गोष्ट मुलांना आदल्या दिवशी आणायला सांगा: आई किंवा वडिलांच्या मतदार कार्डाचा क्रमांक. अर्जात घरातल्या नोंद झालेल्या व्यक्तीचा तपशील देता येतो. तो दिला की यादीचा भाग लगेच सापडतो आणि मुलाचं नाव त्याच केंद्रावर येतं. हा एवढासा आकडा बीएलओंची निम्मी शोधाशोध वाचवतो.

अर्ज भरताना

नवीन नावासाठी फॉर्म ६. पत्ता बदल, दुरुस्ती आणि कार्ड पुन्हा मिळवणं यांसाठी फॉर्म ८. नाव वगळण्यासाठी किंवा नावावर हरकत घेण्यासाठी फॉर्म ७. मुलांनी फॉर्म ६ वरच लक्ष ठेवावं आणि फॉर्म ७ ला हात लावू नये. दुसऱ्याचं नाव यादीतून काढण्याच्या भांडणात विद्यार्थ्यांचं काही काम नाही.

ऑनलाइन अर्ज मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर होतो. ओटीपीसाठी स्वतःचा नाहीतर घरातला नंबर द्यावा, स्वयंसेवकाचा कधीच नाही. शक्य असेल तर प्रत्येकाचा नंबर वेगळा असावा, कारण पुढे डिजिटल मतदार कार्ड उतरवून घेताना तो उपयोगी पडतो.

सर्वाधिक चुका नावात होतात. इंग्रजीत टाइप केलं की मराठी रूप आपोआप उमटतं आणि काळेचं काले होतं, शेटेचं शेते. मुलं घाईत पुढे जातात आणि ती चूक कार्डावर छापून येते. म्हणून टेबलावरच्या दोघांपैकी एकाचं काम फक्त मराठी नाव, आडनाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचून दाखवण्याचं ठेवा. दहावीच्या कागदांवर आडनाव आधी असतं, त्यामुळे नावाच्या रकान्यात आडनाव जाण्याचा घोटाळाही नेहमीचा. नातेवाइकाच्या रकान्यात वडीलच हवेत असं नाही, आई चालते. अनाथ मुलाला कायदेशीर पालकाचं आणि तृतीयपंथी अर्जदाराला गुरूचं नाव देता येतं. हे स्वयंसेवकांना माहीत असलं की त्या मुलाला सगळ्यांसमोर अवघडून उभं राहावं लागत नाही. अपंगत्वाचा रकाना ऐच्छिक आहे, पण भरला तर मतदान केंद्रावर सोयी मिळायला मदत होते, हे हळू आवाजात सांगावं.

घोषणापत्र मात्र अर्जदाराने स्वतः वाचून सही करायची. भारतीय नागरिक असणं, त्या पत्त्यावर राहत असणं आणि दुसरीकडे नाव नसणं, हे तो स्वतःच्या जबाबदारीवर सांगत असतो. जाणूनबुजून खोटं सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कुणाच्या नागरिकत्वाबद्दल किंवा पत्त्याबद्दल शंका असेल तर मुलांनी निवाडा करू नये. ‘ताई, हे तुम्ही बघाल का?’ म्हणून बीएलओंकडे द्यावं.

वसतिगृहातली मुलं

गावाकडच्या घरी नोंदवायचं की वसतिगृहाच्या पत्त्यावर, ही निवड विद्यार्थ्याची. दोन्हीकडे मात्र नाही. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असेल तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि संस्थाप्रमुखाचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते छापून, शिक्का मारून आधीच तयार ठेवलं तर शिबिराच्या दिवशी कार्यालयापुढे रांग लागत नाही. मी स्वतः मुलांना विचारते, ‘मतदानाच्या दिवशी तू कुठे असशील?’ ज्याला गावी जायला एसटीची पूर्ण रात्र लागते, त्याने इथलाच पत्ता द्यावा हे बरं. दोन वर्षांत परत जाणार असेल आणि सणासुदीला घरी असतोच, तर गावचा.

वर्गाबाहेरची मुलं

महाविद्यालयातली मुलं ही या कामातली सोपी बाजू. त्याच वयाची जी दहावीनंतर गॅरेजमध्ये, शेतात, दुकानात लागली, ज्या मुलींची शाळा सुटली, जी ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जातात, ती कुठल्याच शिबिरात येत नाहीत. आणि त्यांना ओळखणारी मुलं तुमच्या वर्गात बसलेली असतात.

म्हणून महाविद्यालयातला दिवस झाला की दुसरा टप्पा वस्तीवर घ्या. प्रत्येक स्वयंसेवकाने आपल्या गल्लीतल्या, सोसायटीतल्या, पालावरच्या दोन-तीन जणांशी बोलायचं आणि बीएलओंच्या सोयीने समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीत संध्याकाळचे दोन तास ठेवायचे. दिवसा ठेवलं तर कामावर असलेली मुलं येऊ शकत नाहीत. ऊसतोड मजुरांच्या गावात हे सगळं दसऱ्याच्या आधी उरकायला हवं, कारण नंतर कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. ज्यांना घरच नाही त्यांनाही नोंदणीचा हक्क आहे. पत्त्याचा कागद नसेल तर ती व्यक्ती सांगितलेल्या जागी झोपते का, हे बीएलओंनी रात्री जाऊन पाहावं, असा नियमच आहे. पारधी किंवा इतर भटक्या समाजातल्या मुलाला ‘तुझ्याकडे काही कागद नाही, मग कसं होणार?’ असं कुणी म्हणालं तर तुमच्या स्वयंसेवकाला हा नियम ठाऊक असायला हवा.

या वस्तीभेटींना मुलांबरोबर एक मोठं माणूस असावं आणि मुली दोघी-दोघींनी जाव्यात.

अर्जानंतरचे आठवडे

अर्ज दाखल झाला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो विद्यार्थ्याच्या वहीत आणि मोहिमेच्या वहीत, दोन्हीकडे लिहा. आलेल्या अर्जांची यादी सात दिवस हरकतींसाठी लावली जाते, बीएलओ घरी जाऊन पडताळणी करतात, मग निर्णय होतो. मुलांनी घरी सांगून ठेवायचं: ‘बीएलओ येतील, त्यांना मी इथेच राहतो म्हणून सांगा.’ हे न सांगितल्यामुळे ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ म्हणून आजीने दार लावून घेतल्याचे प्रकार घडतात. सतरा वर्षांच्या नातवासाठी सरकारी माणूस कशाला येईल, असं तिला वाटतं.

दर पंधरा दिवसांनी टीमने जेवणाच्या सुट्टीत वही उघडावी आणि प्रत्येकाला त्याच्या क्रमांकावरून स्थिती पाहायला लावावी. प्रलंबित असेल तर बीएलओंना विचारावं, नाहीतर १९५० या मदत क्रमांकावर फोन करावा. फेटाळला असेल तर कारण वाचावं. बहुतेक कारणं फोटो, कागद किंवा पत्त्याची असतात आणि नवीन अर्जाने सुटतात. निर्णयच चुकीचा वाटला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. असं अपील लिहायला मुलांना मदत करा. साध्या मराठीत, एका पानात.

सतरा वर्षांच्यांचे आगाऊ अर्ज वहीत वेगळ्या पानावर ठेवा. त्यांची अर्हता तारीख मुलं बारावी सोडून गेल्यावर येऊ शकते. म्हणून ती वही दर जूनमध्ये अकरावीतून बारावीत गेलेल्या दोघांकडे सोपवा आणि सोपवताना राहिलेल्या प्रत्येक नावापुढे पुढची तारीख लिहून द्या. कार्डं हाती येऊ लागली की २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाला माजी विद्यार्थ्यांना बोलवा. त्या दिवशी वहीतली नावं अंतिम यादीशी पडताळून घ्या, आणि ज्यांच्या नावापुढे अजून खूण नाही त्यांना तिथल्या तिथे फोन लावा.